विंडोज १० टाकल्यापासून जुन्या कॉम्प्युटरवर ग्राफिक्स ड्रायव्हर बसत नाही. नवं कार्ड घ्यावं का?

तुमच्या प्रश्नातला तपशील आधी मांडतो, म्हणजे पुढचं कशाबद्दल आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. घरचा डेस्कटॉप २०१२ चा, प्रोसेसर आय३-२१२०, बोर्ड एच६१, रॅम ४ जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दुकानातून विंडोज १० टाकून आणल्यापासून स्क्रीनचं रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) १०२४ बाय ७६८ वरच अडकलं आहे. इंटेलचा ड्रायव्हर (विंडोजला चिप वापरता यावी म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) डाउनलोड करून चालवला की 'धिस कॉम्प्युटर डझ नॉट मीट द मिनिमम रिक्वायरमेंट्स' म्हणत बंद होतो. दुकानदाराने पेनड्राइव्हवरून एक ड्रायव्हर बसवून दिला होता, पण त्यावर स्क्रीन मध्येच काळी पडून परत यायची, म्हणून तुम्ही तो काढून टाकला. यूट्यूबही अडखळतं. आता दुकानदार म्हणतोय, ग्राफिक्स कार्ड घ्या.

कार्ड घेऊ नका. निदान खाली लिहिलंय ते करून पाहिल्याशिवाय तरी नाही.

सुरुवात ड्रायव्हरपासून करू नका. कॉम्प्युटर चालू होताच डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डवरच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) जा आणि तिथे पाच-दहा मिनिटं स्क्रीन नुसती पाहत राहा. तिथेही रेषा, रंगीत ठिपके किंवा थरथर दिसली, तर दोष ड्रायव्हरचा असूच शकत नाही, कारण तोपर्यंत विंडोज सुरूच झालेली नसते. तुमच्या मशीनमध्ये ग्राफिक्सची चिप प्रोसेसरच्या आतच आहे आणि ती नेहमीचीच रॅम वापरते. त्यामुळे रॅमचा संपर्क नीट नसला तरी त्याचा परिणाम चित्रावर दिसतो. विजेची वायर काढून, कॅबिनेट उघडून, रॅम बाहेर काढा. तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलकेच पुसून, कचरा झटकून परत घट्ट बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा.

दुसरी वस्तू तपासायची ती व्हीजीए केबल, म्हणजे मॉनिटर कॉम्प्युटरला जोडणारी. हिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. मॉनिटर आपलं रिझोल्यूशन काय आहे ते याच केबलमधल्या पिनांवरून कॉम्प्युटरला कळवतो. त्यातल्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिना त्या निरोपाच्या. स्वस्त केबलमध्ये यातली एखादी नसते किंवा वाकलेली असते. मग चित्र तर येतं, पण मॉनिटर कोणता हे विंडोजला कळत नाही आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' असं दिसतं. तुमच्याकडे तसं दिसत असेल तर शेजाऱ्यांकडची केबल लावून बघा, ड्रायव्हर नंतर.

आता ड्रायव्हर. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अडॅप्टर्समध्ये काय लिहिलंय ते पाहा. तुमच्या वर्णनावरून तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असणार. हा विंडोजचा कामचलाऊ ड्रायव्हर. खरा ड्रायव्हर मिळेपर्यंत चित्र दाखवणं एवढंच त्याचं काम. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. जी ओळ येईल तिच्यात 'व्हेन' पुढचा आकडा कंपनी सांगतो: ८०८६ म्हणजे इंटेल (१९७८ च्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचा तोच क्रमांक), १०डीई म्हणजे एनव्हीडिया, १००२ म्हणजे एएमडी. 'डेव्ह' पुढचा आकडा चिप सांगतो. आय३-२१२० मध्ये तो ०१०२ असायला हवा, म्हणजे इंटेल एचडी ग्राफिक्स २०००. ही ओळ लिहून ठेवा. ड्रायव्हर शोधताना मॉडेलच्या नावापेक्षा हिच्यावर भरवसा ठेवा.

इन्स्टॉलर नकार का देतो ते समजून घेतलं तर निम्मी डोकेदुखी संपेल. प्रत्येक ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये आयएनएफ नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. हा ड्रायव्हर कोणत्या चिपसाठी आणि कोणत्या विंडोजसाठी, हे तिच्यात नोंदलेलं असतं. त्या यादीत तुमची चिप नसली की इन्स्टॉलर थांबतो. एचडी २००० ही २०११ ची चिप, विंडोज १० आली २०१५ मध्ये, आणि या चिपसाठी इंटेलने विंडोज १० चा वेगळा ड्रायव्हर काढलाच नाही. तुम्ही इंटेलच्या साइटवरून सगळ्यात नवा म्हणून जो घेतला, तो पुढच्या पिढ्यांच्या चिपांचा. तुम्हाला हवाय तो तुमच्या चिपसाठी निघालेला शेवटचा ड्रायव्हर. तो आहे ९.१७.१०.४४५९, २०१६ चा, आणि तो विंडोज अपडेटमधूनच मिळतो. तो आधीच्या विंडोजसाठी लिहिलेल्या मालिकेतलाच आहे, पण विंडोज १० त्याला स्वीकारते.

मग तो आपोआप का आला नाही? माझा संशय दुकानातल्या विंडोजवर आहे. बऱ्याच ठिकाणी अपडेट कायमचं बंद केलेली, हलकी म्हणून काटछाट केलेली विंडोज टाकून देतात. मशीन जरा जलद वाटतं, पण ड्रायव्हर मिळण्याचा रस्ताच बंद होतो. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडतंय का, 'चेक फॉर अपडेट्स' चालतंय का ते पाहा. चालत असेल तर 'व्ह्यू ऑप्शनल अपडेट्स' आणि त्यात 'ड्रायव्हर अपडेट्स' बघा. इंटेलचा डिस्प्ले ड्रायव्हर तिथे दिसला तर त्यावर टिक करून बसवा आणि मशीन रीस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा चालू करणं हे रीस्टार्टसारखं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि जुनीच अवस्था परत येते.

अपडेटमध्ये काहीच दिसलं नाही तर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या साइटवर लिहून ठेवलेली हार्डवेअर आयडी टाकून शोधा. त्याआधी तुमची विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट ते सिस्टम माहितीत पाहून घ्या, कारण दोन्हींचे ड्रायव्हर वेगळे. फाइल कॅब प्रकारची असेल. ती उघडून एका फोल्डरमध्ये काढा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउज माय कॉम्प्युटर', आणि तो फोल्डर. इथे सेटअप चालवायचा नाही, त्यामुळे 'मिनिमम रिक्वायरमेंट्स'चा संदेशही येणार नाही.

मात्र त्याआधी जागा स्वच्छ करा. दुकानदाराच्या पेनड्राइव्हवरच्या ड्रायव्हर पॅकचे अवशेष अजून आत असतील. असे पॅक आणि एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर मी कुणालाही सुचवत नाही. ती चिप अंदाजाने ओळखतात आणि सोबत नको ते बरंच आत आणतात. सिस्टम रिस्टोअर पॉइंट तयार करा, इंटरनेटची वायर काढा, शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा आणि सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त अगदी गरजेच्या गोष्टींसह सुरू होते तो प्रकार) जा. तिथे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉल करताना 'डिलीट द ड्रायव्हर सॉफ्टवेअर' या चौकटीत टिक करा. तेवढ्याने भागलं नाही तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं मोफत साधन आहे, तेही सेफ मोडमध्येच चालवायचं. कॅटलॉगवरून आधीच उतरवलेली फाइल बसवणार असाल तर इंटरनेट नवा ड्रायव्हर बसल्यावरच जोडा.

स्क्रीन काळी पडून परत येण्याचंही कारण आहे. ग्राफिक्स चिपने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर बंद करून पुन्हा सुरू करते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची नोंदवही) सिस्टम लॉगमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद सापडली तर तुमच्याकडे तेच घडत होतं असं समजा. योग्य ड्रायव्हर बसवल्यावर ते थांबलं तर विषय संपला. नाही थांबलं तर उष्णता पाहा. इतक्या वर्षांत प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून कडक झालेली असते आणि हीटसिंकमध्ये (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा भाग) धूळ थापलेली असते. दोन्ही साफ करून नवी पेस्ट लावणं हे फार स्वस्त काम आहे. बोर्डवरचे किंवा एसएमपीएसमधले (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) कपॅसिटर, म्हणजे छोटे नळकांड्यासारखे भाग, वर फुगलेले दिसले तर मात्र दुरुस्तीवाल्याकडे जा. एसएमपीएस घरी उघडू नका, वायर काढल्यावरही त्यात विजेचा धोकादायक दाब शिल्लक असतो.

यूट्यूबचं दुखणं वेगळं आहे आणि ते योग्य ड्रायव्हरनेही पूर्ण जाणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. व्हिडिओ आकुंचित करून पाठवण्याचे वेगवेगळे प्रकार असतात, आणि तुमची चिप त्यातला एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ स्वतः उलगडू शकते. यूट्यूब हल्ली बहुतेक व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवतं, आणि ते या चिपला येत नाही, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर पडतो. ब्राउझरमध्ये एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन घाला. ते यूट्यूबकडून एच.२६४ मागून घेतं. खरा ड्रायव्हर बसलेला असताना हे केलंत तर फरक लगेच दिसेल. तसंच डायरेक्टएक्स (गेमना ग्राफिक्स चिप वापरू देणारी विंडोजची यंत्रणा) ११ मागणारे गेम या चिपवर चालणार नाहीत. ती १०.१ पर्यंतच जाते, त्याला उपाय नाही.

हे सगळं करूनही शंका राहिली तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टम) पेनड्राइव्हवर घ्या आणि इन्स्टॉल न करता तिथूनच सुरू करा. इंटेलच्या या चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतो, वेगळा शोधावा लागत नाही. तिथे स्क्रीन पूर्ण रिझोल्यूशनमध्ये स्वच्छ आली आणि तासभर टिकली, तर हार्डवेअर ठणठणीत आहे आणि गडबड विंडोजमध्ये आहे, एवढं पक्कं.

आता दुकानदाराच्या कार्डाकडे येतो. या बजेटमध्ये बहुधा एनव्हीडियाची जीटी ६१०, जीटी ७१० किंवा जीटी ७३० दाखवतील. जीटी ६१० चा शेवटचा ड्रायव्हर ३९१.३५, २०१८ चा. जीटी ७१० साठी नवे ड्रायव्हर २०२१ मध्ये थांबले आणि सुरक्षा अपडेट २०२४ मध्ये. जीटी ७३० या एकाच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या आहेत, डब्यावरून ते कळतही नाही. म्हणजे पैसे मोजून तुम्ही पुन्हा जुन्याच चिपचा शेवटचा ड्रायव्हर शोधत बसणार.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. तो प्रश्न कार्डाने सुटत नाही. कार्डाचे पैसे साटा एसएसडीमध्ये (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी जलद डिस्क) आणि रॅम ८ जीबी करण्यात घाला. बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास, टायपिंग यासाठी मशीन वापरत असाल तर त्या एसएसडीवर मिंटच बसवा, असा माझा सल्ला आहे. टॅली किंवा एखादं विंडोजवरच चालणारं सॉफ्टवेअर लागत असेल तर विंडोज १० मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेल्या मूळ फाइलवरूनच नव्याने टाकून घ्या. काटछाट केलेली विंडोज पुन्हा टाकू देऊ नका.