नौका ताठ उभी राहते, म्हणजे ती उलटणार नाही का?

प्रश्न : चौघे मिळून जुनी क्रूझर-रेसर (सफरीला आणि शर्यतीला दोन्हीला चालणारी शिडाची नौका) घेतोय. पाणरेषेवरची लांबी ९ मीटर, रुंदी ३.५ मीटर, वजन ५.५ टन, शिडांचं क्षेत्रफळ ६२ चौरस मीटर. फिरवून पाहिली तेव्हा बऱ्यापैकी वाऱ्यातही फारशी कलली नाही. मुंबई-गोवा पल्ल्यासाठी ती सुरक्षित समजायची का?

एवढ्यावरून समजू नका. कमी कलली यातून पहिल्या वीस-पंचवीस अंशांपुरतंच कळतं, आणि तिथलं बळ मुख्यतः रुंदीचं असतं. कोकणातली उलांडीची होडी आठवा. उभी असताना तिच्यासारखी स्थिर दुसरी नाही, पण एकदा पालथी झाली की पालथीही तेवढीच स्थिर राहते. रुंद हलचा, म्हणजे नौकेच्या मुख्य अंगाचा, स्वभाव तोच. खोल कललेल्या नौकेला परत उभी करतं ते खाली कीलमध्ये, म्हणजे तळाखाली उतरणाऱ्या जड पात्यात, असलेलं वजन.

म्हणून विकणाऱ्याकडे 'जीझेड कर्व्ह' मागा. नौका किती अंश कलल्यावर तिला सरळ करणारा जोर किती, याचा हा आलेख. तो ज्या कोनावर शून्याला येतो, त्यापुढे नौका स्वतःहून उभी राहत नाही. आयएसओ १२२१७-२ या मानकात खुल्या समुद्राच्या 'ए' वर्गासाठी हा कोन किमान १३० वजा टनांतल्या वजनाची दुप्पट इतका लागतो. तुमच्या नौकेला तो ११९ अंश.

आलेख मिळालाच नाही तर एक ढोबळ चाळणी आहे. वजनाला १.०२५ या समुद्राच्या पाण्याच्या घनतेने भागा, येईल त्याचं घनमूळ काढा आणि त्याने रुंदीला भागा. तुमचं घनमूळ १.७५ आणि उत्तर २.०. ते दोनच्या आत हवं, म्हणजे तुम्ही उंबरठ्यावर आहात. या चाळणीला बॅलास्ट (कीलमधलं वजन) किती खोल आहे ते दिसत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर पैसे मोजू नका.

१९७९ च्या फास्टनेट या इंग्लंड-आयर्लंडमधल्या सागरी शर्यतीत ३०३ नौका उतरल्या. वादळात १५ स्पर्धक गेले, २४ नौका माणसांनी सोडून दिल्या आणि त्यांतल्या बहुतेक नंतर तरंगताना मिळाल्या. सर्वांत लहान गटातून एकटी 'असेंट' शर्यत पुरी करून आली. ती कॉन्टेसा ३२ जातीची : रुंदी जेमतेम २.९ मीटर, वजन ४.३ टन, त्यात निम्म्याच्या आसपास बॅलास्ट. चाळणीत तिचं उत्तर १.८ येतं आणि आलेख १५५ अंशांच्या आसपास शून्याला येतो. अरुंद नौका लवकर कलते, आत जागा कमी, डेकवर पाणी जास्त. तरी किनारा दूर असताना आम्ही तीच निवडू.

वेगाचं थोडक्यात. पाणरेषेच्या मीटरांचं वर्गमूळ गुणिले २.४३, म्हणजे तुमची नौका ७.३ नॉटच्या आसपास अडते. शिडांच्या क्षेत्रफळाला त्याच १.७५ च्या वर्गाने भागलं की २०. निवांत क्रूझरचा हा आकडा १६ ते १८ असतो. तुमच्या नौकेला तिच्या वजनाच्या मानाने शीड भरपूर आहे, तेव्हा रीफ लवकर घ्यावा लागेल, म्हणजे शीड आखडून लहान करावं लागेल.

प्रश्न : डोलकाठीत गुंडाळणारं मेनसेल (मुख्य शीड) बसवायचं आहे. ५० किलो वजन वाढेल. ५.५ टनांत त्याने काय फरक पडणार?

हे ५० किलो नौकेच्या गुरुत्वमध्यापासून सरासरी ७ मीटर वर धरा. गुणाकार ३५०, भागिले ५,५००, म्हणजे गुरुत्वमध्य ६.४ सेंटिमीटर वर चढला. २० अंशांच्या कलावर सरळ करणाऱ्या जोराची भुजा (जीझेड) यामुळे दोनच सेंटिमीटर घटते, हाताला काहीच जाणवत नाही. ९० अंशांवर मात्र पूर्ण ६.४ सेंटिमीटर जाते. गरज सर्वांत जास्त तिथेच तूट सर्वांत मोठी. (डोलकाठीचं वजन एका बाबतीत उपयोगीही असतं. लाटेच्या अचानक धक्क्याला तिचं जडत्व विरोध करतं, म्हणून डोलकाठी मोडलेली नौका पुन्हा उलटण्याची भीती वाढते.)

बदलाच्या आधी आणि नंतर बंदराच्या धक्क्याजवळ मोजमाप करा. केबिनच्या छताला ओळंबा टांगा, दोरी बरोबर १ मीटर. लंबक डुलू नये म्हणून तो पाण्याच्या बादलीत बुडवा, मागे पट्टी आडवी लावा. मध्यरेषेवर उभी असलेली, मिळून ३०० किलो वजनाची चार माणसं १.५ मीटर बाजूला सरकवा आणि दोरी किती सरकली ते वाचा. समजा ७४ मिलिमीटर. ३०० गुणिले १.५ म्हणजे ४५०, त्याला ५,५०० गुणिले ०.०७४ ने भागलं की १.१ मीटर. हा तुमचा जीएम, म्हणजे सुरुवातीच्या स्थैर्याचं माप. दोन्ही बाजूंना करून सरासरी घ्या.

चुका ठरलेल्या असतात. बांधलेल्या दोऱ्या ताणलेल्या राहतात, टाक्या अर्ध्या भरलेल्या असून आतलं पाणी एका बाजूला जातं, किंवा ओहोटीला कील चिखलात टेकलेली असते. वजनही माहितीपत्रकातलं रिकाम्या नौकेचं असतं. पावसाळ्याआधी क्रेनने वर काढताना लोडसेलवर (क्रेनच्या वजनमापकावर) दिसेल ते खरं.

प्रश्न : क्लबच्या शर्यतीत आठ जण असताना १८ नॉट वाऱ्यात पूर्ण मेनसेलवर नौका छान धावते. घरचे दोघे घेऊन गेलो की त्याच वाऱ्यात ती वाऱ्याकडे वळते आणि सुकाणू ऐकत नाही. सुकाणूत दोष आहे का?

सुकाणूत नाही, काठावरच्या रिकाम्या जागेत. ७५ किलोची सहा माणसं मध्यरेषेपासून दीड मीटरवर बसली की साधारण पाच-साडेपाच टनांच्या नौकेला २० अंशांवर उभं धरणाऱ्या एकूण बळात जवळजवळ पाव हिस्सा त्यांचा असतो. ती उतरली की नौका जास्त कलते. शिडाचा ओढा वाऱ्याआडच्या बाजूला लांब जातो, कललेला हल एकसारखा राहत नाही, आणि नाळ वाऱ्याकडे खेचली जाते. सुकाणू ३ ते ५ अंश धरावं लागलं तर ठीक. १० च्या पुढे ते ब्रेकचं काम करतं.

आधी बॅकस्टे (डोलकाठीला मागे ओढणारी तार) ताणून शीड सपाट करा, ट्रॅव्हलर (मेनसेलची दोरी आडवी सरकवणारा गाडा) खाली सोडा. तरी कल २० ते २५ अंशांच्या वर राहिला तर रीफ घ्या, आणि क्रम पाळा : मेनशीट (मेनसेल आवळणारी दोरी) आणि किकर (बूम खाली ओढणारी दोरी) सैल, बूम (शिडाखालची आडवी काठी) टॉपिंग लिफ्टवर (ती वरून धरणाऱ्या दोरीवर), हॅल्यार्ड (शीड चढवणारी दोरी) खुणेपर्यंत खाली, पुढची कडी हुकात, हॅल्यार्ड पुन्हा घट्ट, त्यानंतरच मागची रीफ दोरी, शेवटी किकर आणि शीट. मागची दोरी आधी ओढली तर सगळा ताण पुढच्या कडेच्या एकदोन स्लाइडरवर (शीड डोलकाठीला जोडणाऱ्या सरकत्या तुकड्यांवर) येऊन कापड तिथेच फाटतं. मधल्या छोट्या बंदांनी फक्त लोंबणारं कापड आवळायचं, त्यांच्यावर भार येऊ द्यायचा नाही.

प्रश्न : खडकावर कील हलकी घासली. बाहेर फक्त ओरखडा दिसतो. दुरुस्ती पुढच्या वर्षी केली तर चालेल?

आधी आतून बघा. धक्का कीलच्या खालच्या टोकाला बसतो, पण तरफेसारखा तिच्या मागच्या टोकाने हल वर दाबला जातो. म्हणून केबिनच्या तळाच्या फळ्या काढून कीलच्या मागच्या बोल्टभोवती आणि आतल्या आडव्या फ्रेमच्या जोडावर टॉर्च मारा. केसासारखी भेग, सुटलेला जोड, गंजाचं पाणी किंवा टिचकी मारल्यावर पोकळ आवाज यातलं काहीही आढळलं तर नौका पाण्याबाहेर. २०१४ च्या मे महिन्यात अटलांटिकमध्ये 'चीकी राफिकी' या क्रूझर-रेसरची कील सुटली आणि चौघे जण गेले. आधी तळाला लागणं आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांनी जोड कमकुवत झाला असावा, असं ब्रिटिश तपासात म्हटलं आहे. नुसते नट आवळून सुटलेला जोड चिकटत नाही. फ्रेम कुठे सुटली आहे ते सर्व्हेअरला खडूने आखून द्यायला सांगा, आणि तो भाग दुरुस्त होईपर्यंत शीड चढवू नका.