‘ताई, आमचे आप्पा ऐकतच नाहीत!’

बापाबद्दल मुलगा, सासूबद्दल सून, नवऱ्याबद्दल बायको. जळगाव-धुळ्याकडच्या किती घरांतून हे वाक्य समुपदेशक म्हणून माझ्यासमोर आलं, त्याची मोजदाद मी सोडून दिली आहे. आजार बहुधा डायबेटिस, नाहीतर बीपी. तक्रार एकच: सगळं समजावून झालं, पथ्याचा कागद भिंतीला लावला, तरी गोळ्या वेळेवर घेत नाहीत. आणि माझ्याकडून अपेक्षाही ठरलेली, ‘तुम्ही जरा दमात घ्या त्यांना.’

मी दमात घेत नाही. का, ते अमळनेरकडच्या एका घरावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आप्पा पासष्टीचे, कपाशी आणि दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची, शेती. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा (HbA1c) 10.4, म्हणजे बराच जास्त. मुलगा एकटाच बोलत होता. आप्पा गुडघ्यावरच्या टोपीची घडी घालत होते, मोडत होते. तासाभरात एकच वाक्य बोलले, “मी काय धाकला पोऱ्या शे का?”

दुसऱ्या वेळी जिजी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सोबत आल्या. त्यांनी पदराच्या गाठीतून प्लास्टिकची पुडी काढून टेबलावर ठेवली. आत पांढरा, वाळलेला लगदा. “यांच्या बंडीच्या खिशातून निघतो, धुण्याच्या वेळी. पाकीट रिकामं दिसतं, मी म्हणते गोळी घेतली. अन्‌ गोळी खिशात!” मुलगा चिडला, “बघा, खोटंही बोलतात आता.” आप्पांची मान आणखी खाली गेली.

त्या पुडीनं मला मात्र वेगळंच सांगितलं. आळशी माणूस गोळी विसरतो. रोज आठवणीनं पाकीट फोडून गोळी लपवणाऱ्या माणसाकडे काहीतरी कारण असतं.

तिसऱ्या वेळी मी दोघांना बाहेर बसवलं. पथ्याचा विषय काढला नाही. एवढंच विचारलं, “आप्पा, गोळी घेतली की तुम्हाला काय होतं?”

बराच वेळ ते पंख्याकडे बघत राहिले. मीही थांबले. (नव्यानं या कामात येणाऱ्यांना मी हेच सांगते की अशा वेळी गप्प बसता आलं पाहिजे.) मग हळूहळू निघालं. पौषातली सकाळ. बिनसाखरेचा चहा, त्यावर गोळी, आणि तसेच शेतात. भाकरी यायची बारा वाजता. दहाच्या सुमारास थंडीतही दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. “इहिरीच्या काठावर होतो, ताई. कठडा नही. खाली बसलो म्हणून वाचलो.”

“घरी सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर शेत बंद केलं असतं माझं.”

आजही ते वाक्य आठवलं की मी क्षणभर थांबते. सगळं घर ज्याला हट्टीपणा म्हणत होतं, तो एका शेतकऱ्यानं स्वतःच्या अनुभवावरून घेतलेला निर्णय होता. साखर वाढली तर डोळे जातात, पाय जातो, हे त्यांना प्रत्येकानं ऐकवलं होतं. साखर उतरूही शकते, रिकाम्या पोटी काही गोळ्या ती फार खाली नेतात, हे त्यांच्यापर्यंत कुणाचंच पोचलं नव्हतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांवर मी घडले आहे. माणसाला आधी ऐकून घेतलं की बदलाची वाट तो स्वतःच दाखवतो, यावर माझी श्रद्धा आहे आणि पंचवीस वर्षांत ती वाढतच गेली. डायबेटिसमध्ये तर हे जुनंच शहाणपण आहे. बोस्टनचे डॉ. इलियट जोस्लिन यांनी 1918 मध्येच डॉक्टर आणि रुग्ण अशा दोघांसाठी मार्गदर्शक पुस्तिका लिहिली होती. इन्सुलिनचाही शोध लागला नव्हता तेव्हा! आणि 2003 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं म्हटलं की विकसित देशांतही दीर्घ आजारांचे साधारण निम्मेच रुग्ण उपचार नीट पाळतात. तेव्हा आपल्याच घरातला माणूस तेवढा बेशिस्त, असं मानू नका.

गोळी बदलणं माझं काम नाही. मी चिठ्ठी लिहिली, आप्पांनी पहिल्यांदाच डॉक्टरांना घडलेलं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी गोळी आणि वेळ दोन्ही बदलली. आधी न्याहारी, मग शेत, असं ठरलं. जिजी आता कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी सकाळीच टाकतात.

मग आम्ही साखर उतरण्याबद्दल बोललो. मी सांगितलं आणि म्हटलं, “आता तुम्ही मला शिकवा.” पहिल्यांदा अर्धं चुकलं, दुसऱ्यांदा बरोबर आलं. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक जाणवली की काम थांबवून बसायचं. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं. पंधरा मिनिटांनी साखर तपासायची. 70 च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. बरं वाटलं की भाकरी खायची. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना. साखरेची पुडी आता त्याच बंडीच्या खिशात असते.

घरच्यांना माझं सांगणं एवढंच: “गोळी घेतली का?” हा प्रश्न महिनाभर बंद ठेवा. त्याचं उत्तर ‘हो’ असंच येतं. त्याऐवजी “गोळीनं कसं वाटतंय?” असं विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी रागावू नका. दवाखान्यातून निघण्यापूर्वी ‘आता मला काय करायचं आहे’ हे पेशंटनंच डॉक्टरांना म्हणून दाखवावं. भीती, खर्च, उपवास, शेतातली वेळ, जे आड येतं ते तिथंच बोलावं. ताटावर पहारा ठेवू नका. पहारा असला की माणूस चोरून खातो, आणि चोरून खाल्लेलं कुठल्याच हिशेबात येत नाही.

तीन महिन्यांनी आप्पांचा आकडा 8.1 आला. अजून खाली यायला हवा. पण ते मुलाशिवाय, एकटे आले होते आणि स्वतःची वही घेऊन आले होते. चौथी शिकलेल्या हाताची मोठाली अक्षरं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पानावर लिहिलं होतं: ‘पुरणपोळ्या 2. साखर 240. जिजीला सांगितलं.’