अजून दोन प्लगइन टाकण्याआधी हे तपासा

तुमची अडचण थोडक्यात अशी: वर्डप्रेसवरची साइट, चाळीसेक प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचे छोटे प्रोग्राम), डॅशबोर्ड उघडायला वेळ लागतो, आणि गूगलच्या निकालांत तुमच्या डोमेनखाली औषधांच्या जाहिरातींची अनोळखी पानं दिसू लागली आहेत. त्यावर एक सुरक्षा प्लगइन आणि एक कॅशिंग (तयार पानं साठवून पटकन देणारं) प्लगइन सुचवा, असं तुम्ही म्हणता. कृपया आत्ता कुठलंच टाकू नका. ती पानं दिसताहेत म्हणजे कोणीतरी आत शिरलेलं आहे. अशा वेळी कॅश लावणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. शिवाय मंदपणा आणि घुसखोरी या दोन वेगळ्या तक्रारी आहेत असं मला वाटत नाही.

सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग (साइटवर आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टची नोंद) उतरवून घ्या आणि त्यात दोन गोष्टी शोधा.

पहिली, लॉगिनच्या पानावर आणि एक्सएमएल-आरपीसीच्या (बाहेरच्या अ‍ॅपना साइटशी बोलू देणारी वर्डप्रेसची सोय) फाइलवर येणाऱ्या पोस्ट रिक्वेस्ट, म्हणजे सर्व्हरला माहिती पाठवणाऱ्या विनंत्या. बहुतेक साइटवर यांची रांग लागलेली असते, रात्रंदिवस. पासवर्डचा प्रत्येक प्रयत्न अख्खं वर्डप्रेस उठवतो, चाळीसही प्लगइन लोड होतात, आणि पासवर्डची पडताळणी तर मुद्दामच जड ठेवलेली असते. या रिक्वेस्ट कॅशमधून भागत नाहीत. म्हणजे तुमच्या वाचकांसाठी असलेल्या, वर्डप्रेसचा कोड चालवणाऱ्या पीएचपी प्रोसेस बॉट खाऊन टाकतात आणि तुम्हाला साइट 'जड' वाटते. हे प्लगइनने अडवण्यात फारसा अर्थ नाही, कारण प्लगइनची पाळी येईपर्यंत वर्डप्रेस बरंचसं लोड झालेलं असतं. अडवायचं ते वेब सर्व्हरवर किंवा सीडीएनवर (वाचक आणि सर्व्हर यांच्यामधलं नेटवर्क). जेटपॅक प्लगइन किंवा मोबाइल अ‍ॅप वापरत नसाल तर एक्सएमएल-आरपीसी तिथेच बंद करा, लॉगिनच्या पानाला मिनिटाला ठरावीक रिक्वेस्टची मर्यादा घाला, आणि अ‍ॅडमिन खात्यांना टू-फॅक्टर (पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी) लावा.

दुसरी, अपलोड्स फोल्डरमधली पीएचपी फाइल. तिथे फोटो आणि पीडीएफ असतात. काही प्लगइन एखादी रिकामी इंडेक्स फाइल ठेवतात, ती सोडून द्या. पण वर्ष आणि महिन्याच्या फोल्डरमध्ये, 'अपलोड्स/२०२३/०७' अशा पत्त्यावर, भलत्याच नावाची पीएचपी फाइल आहे, बाहेरून तिला पोस्ट रिक्वेस्ट येताहेत आणि सर्व्हर '२००' म्हणजे 'ठीक आहे' असं उत्तर देतोय, असं दिसलं तर तोच मागचा दरवाजा समजा. त्या फाइलची तारीख आणि तिला रिक्वेस्ट पाठवणारे आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) टिपून ठेवा, मगच ती हलवा. त्या आयपीने आधी कुठल्या प्लगइनच्या पत्त्यावर धडका मारल्या हे लॉगमध्ये मागे जाऊन बघितलं की शिरकाव कुठून झाला ते बऱ्याचदा कळतं.

एक फाइल उडवून सफाई होत नाही. डब्ल्यूपी-सीएलआय या कमांड लाइन साधनाच्या चेकसम तपासणीने कोअर (मूळ वर्डप्रेस) आणि प्लगइनच्या फाइल मूळ प्रतीशी ताडून बघा, किंवा सरळ सगळं ताजं टाका. 'एमयू-प्लगइन्स' हे फोल्डर जरूर उघडा. त्यातला कोड सक्रिय न करताच चालतो. अनोळखी अ‍ॅडमिन, डेटाबेसचा पासवर्ड, कॉन्फिग फाइलमधले सॉल्ट (लॉगिन राखणाऱ्या गुप्त किल्ल्या; ते बदलले की सगळी चालू लॉगिन तुटतात), आणि सर्च कन्सोलमधले (गूगलमध्ये साइट कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) मालक, हे सगळं तपासून बदला. घुसखोर सर्च कन्सोलमध्ये स्वतःलाही मालक करून घेतात.

आता प्लगइनची छाटणी. माझ्या मते तुमच्या साइटचं सगळ्यात मोठं काम हेच आहे. निष्क्रिय केलेलं प्लगइन सर्व्हरवर तसंच पडून असतं, आणि त्याच्या फाइलना बाहेरून हाक मारता येते. सप्टेंबर २०२० मध्ये सात लाखांहून जास्त साइटवर असलेल्या 'डब्ल्यूपी फाइल मॅनेजर'मध्ये जी त्रुटी सापडली, तिच्यात लॉगिन न करता बाहेरून थेट एका फाइलला हाक मारून हवी ती फाइल चढवता येत होती. म्हणून नको ते डिलीट करा. ज्याला दोन-तीन वर्षांत अपडेट आलेलं नाही, त्यालाही पर्याय शोधा. अपडेटची सूचना येत नाही म्हणून सगळं आलबेल वाटतं, एवढंच.

राहतील त्यांची अपडेट आपोआप होऊ द्या. 'आठवड्याने बघू' हे इथे चालत नाही. १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपलने (वर्डप्रेससारखीच साइट चालवणारी प्रणाली) एसक्यूएल इंजेक्शनची (डेटाबेसमध्ये परके आदेश घुसवू देणारी त्रुटी) दुरुस्ती जाहीर केली, आणि नंतर त्यांच्याच सुरक्षा गटाने सांगितलं की सात तासांत दुरुस्ती केली नसेल तर साइट फुटली आहे असं धरून चाला. अपडेटने साइट मोडण्याची भीती रास्त आहे, पण त्यावर उपाय बॅकअपचा आहे. बॅकअप दुसऱ्या ठिकाणी ठेवा. वेब फोल्डरमध्ये पडलेली झिप कोणीही उतरवू शकतो, आणि तिच्यात तुमचा डेटाबेसचा पासवर्ड असतो.

छाटणी झाली की वेग बराचसा आपोआप सुधारतो. तरी डेटाबेसमधलं ऑप्शन्स टेबल (सेटिंग्जचा तक्ता) बघा. काढलेली प्लगइन तिथे आपल्या नोंदी ठेवून जातात आणि 'ऑटोलोड' खुणेच्या नोंदी प्रत्येक रिक्वेस्टला वाचल्या जातात. ८०० केबीच्या वर गेल्या तर नव्या आवृत्त्यांत वर्डप्रेसचं साइट हेल्थ पान इशारा देतं. डॅशबोर्डच्या मंदपणाचं कारण मी आधी इथेच शोधेन, कारण लॉगिन केलेल्या माणसाला पान-कॅश सहसा मिळतच नाही. वर्डप्रेसचा क्रॉनही (ठरलेल्या वेळची कामं करणारा भाग) साइटवर कोणी आलं की चालतो. तो बंद करून सर्व्हरच्या क्रॉनवर दर पाच मिनिटांनी ठेवा. पीएचपी ७.४ वर असाल तर लगेच बदला, तिच्या सुरक्षा दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबल्या. चित्रं वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये द्या, फक्त पानाच्या वरच्या मोठ्या चित्राला लेझी लोड (गरज लागेल तेव्हाच उतरवणं) लावू नका. एलसीपी (पानातला सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) अडीच सेकंदांच्या आत हवा असेल तर तेच चित्र आधी यायला हवं.

कॅश यानंतर. होस्टकडे सर्व्हर पातळीवरची असेल तर तीच वापरा, वेगळं प्लगइन लागणार नाही.

लॉगमध्ये अपलोड्सच्या पीएचपीच्या ओळी सापडल्या तर डोमेन झाकून इथे टाका, त्यांच्या आधीच्या तासाभराच्या ओळींसकट. कुठल्या प्लगइनमधून शिरकाव झाला ते बघू.