जुन्या कॅम्पर व्हॅनच्या छपरातली घडीची खाट फाटली आहे. कापड कुठलं लावू, की सरळ प्लाय टाकू?

प्लायचं आधी सांगून टाकतो: नको. ती खाट दिवसा छपराच्या कडेला मिटून राहायला हवी, आणि प्लाय मिटत नाही. आपल्याकडच्या पावसात तो फुगतो आणि छप्पर नीट बसत नाही, ते वेगळंच. विषय संपला.

आता कापड. तुम्ही खानापूरकडचे आहात आणि छप्पर एका अंगाने उघडतं, आत लाल-पांढरे पट्टे आहेत असं लिहिलंय, म्हणून हे एवढं लांब लिहितोय. असं छप्पर म्हणजे बहुतेक डॉर्मोबाइल. इंग्लंडात केंटमधल्या फोकस्टनला मार्टिन वॉल्टर कंपनी ती छपरं गाड्यांवर बसवायची, बेडफर्डवर, फोक्सवॅगनवर, लँड रोव्हरवरसुद्धा. आत दोन्ही कडांना एकेक खाट. दोन पाइप, त्यांच्यात ताणलेलं कापड, बाकी काही नाही. दिसायला स्ट्रेचर. इतकी साधी वस्तू आहे, खरं हिच्यापायी आमच्या घरात दोन वर्षं धुसफूस चालली होती.

आमच्या दाजींकडे अशीच फोक्सवॅगनची कॉम्बी व्हॅन होती. इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत लोक गाडीने गोव्यापर्यंत यायचे त्या काळातली. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीला रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि तो रस्ता मोडला. ही एक गाडी इकडेच राहिली आणि निपाणीत तंबाखूच्या वखारीत धूळ खात पडली होती. दाजींनी ती २००३ मध्ये घेतली. बेळगावात उद्यमबागेत त्यांचं दोन लेथचं वर्कशॉप, त्यामुळे इंजिन, ब्रेक, बिजागऱ्या सगळं घरच्या घरी केलं, आणि उत्तम केलं, हे कबूल करतो. राहिल्या खाटा. त्या माझ्याकडे आल्या, कारण माझं कुशनचं दुकान.

मी जाड सुती कॅनव्हासचा ताका आणला, चाळीस इंची पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी. खाट सहा फूट लांब, दोन फुटांहून थोडी कमी रुंद. आता माझे आप्पा वडगावचे विणकर, घरात चार माग. ताणा म्हणजे काय नि बाणा म्हणजे काय, हे मला शाळेत जायच्या आधी कळलं होतं. उभा धागा, म्हणजे ताक्याच्या लांबीत जाणारा ताणा, कमी ताणतो; आडवा, म्हणजे बाणा, जास्त. खाटेवर माणूस झोपला की ओढ कुठे बसते? लांबीत नाही. या पाइपपासून त्या पाइपपर्यंत, आडवी. म्हणजे ताणा पाइपपासून पाइपपर्यंत जायला हवा. तसं कापलं तर लांबीला चाळीस इंचच मिळतात, त्यामुळे जोड घालावा लागतो. मी खडूने आखायला लागलो आणि दाजी आले.

"जोड कशाला घालूलालास? लांबीत काप, एकसंध येतंय की."

मी समजावलं. ते म्हणाले, "जोड म्हणजे कमजोरी. वेल्डिंग तिथंच तुटतं." आप्पा तिथेच बसले होते. जन्मभर धाग्यात गेलेला माणूस, खरं जावयासमोर अवाक्षर बोलले नाहीत. पान लावत बसले. मग मीही गप्प बसलो आणि दाजी म्हणतील तसं लांबीत कापून शिवलं. ही माझी चूक. कारागिराने नात्याला भ्यायचं नसतं.

जूनमध्ये सगळे चोर्ला घाटाच्या बाजूला निघाले, मी सोडून. कणकुंबीला मुक्काम, रात्रभर पाऊस. वर भाचा, वय वर्षं नऊ, अंगात मांस नाही. खालच्या सीटवर दाजी. मुक्कामाच्या आधी महिनाभर पोरगं हट्टाने अंगणातल्या गाडीत त्याच खाटेवर झोपायचं, त्यामुळे कापड आधीच ढिलं पडलेलं. पहाटे दाजींना जाग आली तेव्हा कापडाची झोळी त्यांच्या तोंडावर लोंबत होती. अक्का सांगते, ते दचकून उठले आणि पोराला खालून डोकं आपटलं.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. पण परत आल्यावर दाजींनी गावभर सांगितलं की मेव्हण्याच्या शिलाईत दम नाही. लग्नात सांगितलं, बारशाला सांगितलं, माझ्या गिऱ्हाइकासमोर दुकानाच्या पायरीवर उभं राहून सांगितलं.

पुढच्या वर्षी अक्काने खाट गुपचूप दुकानात पाठवली. मी ब्लेडने सगळी शिवण उसवली. एक टाका सुटलेला नव्हता, एकसुद्धा नाही. कापड मात्र रुंदीत दोन बोटं वाढलेलं. त्याच ताक्यातलं उरलेलं कापड काढलं आणि आधी करायचं होतं तसं केलं. एक अख्खा पन्हा मधे, म्हणजे कंबर आणि पाठ बिनजोड कापडावर. दुसऱ्या पन्ह्याचे दोन भाग, एक डोक्याकडे, एक पायाकडे. जोडाच्या कडा एकमेकींत दुमडून डबल टीप. आणि दाजींना वेल्डिंगमुळे जे कळलं नाही ते हे: असा जोड पाइपपासून पाइपपर्यंत ओढीच्याच दिशेने जातो. ओढ त्याला फाडायला बघतच नाही, ती त्याच्या अंगाने निघून जाते. लांबीच्या दिशेने घातलेला जोड उसवला असता, हे मान्य. तो घालायला सांगितलं कुणी होतं?

तुम्ही करताना जुनं कापड फेकू नका, पण त्याच्यावरून मापही घेऊ नका, ते वाढलेलं असतं. पाइप जागेवर बसवून पाइपपासून पाइपपर्यंत टेप लावा. नवं सुती कापड आधी भिजवून वाळवा, आटायचं ते आटू दे, मग कापा. ताणा कुठला हे काठावरून कळतं. काठ कापून टाकलेला तुकडा मिळाला तर दोन्हीकडून ओढून बघा, कमी देतो ती बाजू आडवी लावायची. पाइपसाठी नेफा शिवताना घाई नको. बाहेरून एक इंच जाडीच्या पाइपचा घेर सव्वातीन इंचाच्या आत असतो, त्यात पाइप सरकेल एवढीच सैल जागा ठेवा, जास्त सोडलीत तर तेवढीच झोळी पडणार. दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा दोन पावसाळ्यांत कुजतो. पाइपला गंज असेल तर घासून रंग द्या, नाहीतर नेफ्यावर तांबडे डाग येतात आणि कापड तिथेच जातं. रेक्झीन कुणी सुचवलं तर ऐकू नका, घामाने पाठ चिकटते.

पट्ट्यांच्या भिंतीचं कापड हे वेगळं काम आहे, ते प्लास्टिकचा थर दिलेलं असतं. ते मी कधी केलेलं नाही, त्यामुळे बोलत नाही. खर्चाचंही विचारलंय. मी बहिणीकडून पैसे घेतले नव्हते, तेव्हा माझा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. बेळगावात कॅम्पात आणि खडे बाजारात कॅनव्हासची चौकशी करा, आणि जाड कापड ओढणारी मशीन ज्याच्याकडे आहे त्याच्याचकडे शिवा, कपड्यांच्या टेलरकडे नको.

दोन गोष्टी राहिल्या. ओलं कापड कधी मिटून ठेवू नका. कणकुंबीहून आलात तर घरी पोचल्यावर छप्पर उघडून खाट सुकू दे, नाहीतर आठवड्यात बुरशी. आणि तुमचं छप्पर मूळचंच आहे ना, तेवढं आरसी बुकात बघा. साध्या गाडीचं छप्पर कापून आपल्या मनाने बसवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं. गाडी परदेशातून आलेली असेल तर जकातीचे कागद आधी हुडका, कापड नंतर.

दाजींनी ती खाट पुढे बरीच वर्षं वापरली. भाचा कॉलेजला गेला तरी तिच्यावरच झोपायचा, आणि तोवर तो दाजींपेक्षा जड झाला होता. एकदा मी विचारलं, आता कशी आहे खाट? म्हणाले, "बरी आहे. या खेपेला कापड चांगलं मिळालेलं दिसतंय तुला."