फ्रान्सिस किल्व्हर्ट कोण होता आणि त्याची डायरी लोक अजून का वाचतात?

किल्व्हर्ट म्हणजे इंग्लंडमधला एक साधा अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचा) पाद्री, १८४० चा जन्म, ऑक्सफर्डला शिकला आणि १८६५ पासून सात वर्षं वेल्सच्या सीमेवरच्या क्लायरो गावात क्युरेट म्हणजे सहाय्यक पाद्री होता. कविता पण केल्या त्याने, पण त्या मला तरी ठीकठाकच वाटतात, खरा माणूस भेटतो तो डायरीत. १८७० च्या जानेवारीत लिहायला लागला आणि १८७९ पर्यंत लिहीत राहिला, डोंगरातनं मैलोन्मैल पायी फिरून म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या घरी जायचा, ते काय बोलले, चुलीपाशी कोण बसलं होतं, सगळं लिहून ठेवायचा. १८७० च्या ख्रिसमसला सकाळी अंघोळीला बसला तर टबात पाण्यावर जाड बर्फ, तो मधोमध फुटला आणि कडेला धारदार टोकं उभी राहिली, हे असं लिहिलंय की वाचताना आपल्याला हुडहुडी भरते.

शेवट मात्र फार वाईट झाला हो. ऑगस्ट १८७९ मध्ये लग्न झालं आणि महिन्याभरात पेरिटोनायटिसने (पोटाच्या आतल्या अस्तराला सूज येते तो आजार) गेला, वय फक्त ३८. काही वह्या बायकोनेच नष्ट केल्या असं मानतात. उरलेल्या २२ वह्यांमधून विल्यम प्लोमर ह्या लेखकाने निवड करून १९३८ ते १९४० मध्ये तीन खंड काढले, नंतर घरातल्याच एका वारसदार बाईने बहुतेक मूळ वह्या पण नष्ट केल्या, आता तीनच शिल्लक आहेत. ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. वाचायची असेल तर क्लायरोच्या दिवसांपासून सुरुवात करा.