गर्भपाताच्या अहवालात ‘ट्रायसोमी १६’

प्रश्न : माझे वय ३६ वर्षे आहे. आठव्या आठवड्यात गर्भाची वाढ थांबल्याने गर्भपात करावा लागला. तपासणीत ‘ट्रायसोमी १६’ असा निष्कर्ष आला. त्या दिवसांत मी प्रवास केला होता, जड वस्तूही उचलल्या होत्या. त्यामुळे असे झाले का? पुढच्या वेळीही हेच होईल का?

उत्तर : प्रवासाचा किंवा जड वस्तू उचलण्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. तुमच्या हातातला अहवालच ते सांगतो. ट्रायसोमी १६ म्हणजे सोळाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असणे, आणि ही चूक बहुतेक वेळा स्त्रीबीज परिपक्व होतानाच, म्हणजे गर्भ राहण्याच्याही आधी झालेली असते.

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या स्त्रीबीजांचे विभाजन सुरू होते आणि अर्ध्यावर थांबते. पुढे ज्या महिन्यात एखादे बीज बाहेर पडायचे असते, तेव्हाच त्याचे विभाजन पुन्हा पुढे सरकते. मधल्या इतक्या वर्षांत गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारी प्रथिने क्षीण होत जातात, वाटणी चुकते आणि एखादे गुणसूत्र बीजात जास्तीचे राहून जाते. पस्तिशीनंतर हे प्रमाण वाढते ते यामुळेच. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांमागे गुणसूत्रांचा दोष असतो आणि त्यातल्या ट्रायसोमींमध्ये सोळाव्या गुणसूत्राची सर्वाधिक आढळते. सर्व पेशींत हा दोष असलेला गर्भ पूर्ण दिवसांपर्यंत वाढूच शकत नाही. कितीही विश्रांती घेतली असती, तरी हा गर्भ टिकला नसता. तेव्हा स्वतःला दोष देणे कृपया थांबवा.

अशा एका गर्भपातानंतर पुढची गर्भधारणा नीट पार पडण्याचीच शक्यता अधिक असते, मात्र वयामुळे येणारी जोखीम राहते. अहवालात गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीचा, म्हणजे ट्रान्सलोकेशनचा उल्लेख असेल किंवा गर्भपात पुन्हा झाला, तर तुम्हा दोघांच्या रक्तातील गुणसूत्रांची तपासणी करण्याविषयी डॉक्टरांशी बोला.

आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर बीज फलित करून गर्भधारणा घडवण्याच्या उपचारात, भ्रूणाची गुणसूत्र-चाचणी करता येते. फलनानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी, भ्रूणाच्या ज्या बाह्य थरापासून पुढे वार (प्लॅसेंटा) तयार होते, त्यातल्या काही पेशी काढून ती करतात. या चाचणीने भ्रूण निवडता येतो, दुरुस्त करता येत नाही. आणि हाती मोजकेच भ्रूण असतील, तर तिचा उपयोगही मर्यादित राहतो. केवळ या एका गर्भपातामुळे आयव्हीएफकडे वळण्याची गरज मला दिसत नाही.