पहिल्यांदाच मुंबईहून परदेशी जाताय?

टॅक्सीवाल्याला नुसतं ‘एअरपोर्ट’ म्हणू नका, ‘सहार, टर्मिनल २’ असं स्पष्ट सांगा. सांताक्रूझचं टर्मिनल १ वेगळं, तिथं पोचलात तर जीव टांगणीला लागेल.

कल्याण-ठाण्याकडून येत असाल तर घाटकोपरला उतरा, मेट्रो १ ने मरोळ नाक्याला या आणि तिथून भुयारी मेट्रो ३ पकडा. पुढचंच स्टेशन टर्मिनल २. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये मला हाच मार्ग खात्रीचा वाटतो. मात्र दोन मोठ्या बॅगा असतील तर घाटकोपरच्या गर्दीत फार हाल होतात, तेव्हा सरळ गाडी करा. पहाटेच्या विमानालाही गाडीच, कारण रात्री मेट्रो बंद.

तीन तास आधी पोचा. पासपोर्ट-तिकीट हातात ठेवा, दारातच तपासतात. आईबाबांचा निरोप बाहेरच घ्यावा लागतो, त्यासाठी दहा मिनिटं जास्तीची धरा.